सुनंदाला आणायला लखनौला

वर्ध्याहून निघताना आईने बजावलं होतं, "तिला घेऊनच ये."

सुनंदा माझी धाकटी बहीण. नागपुरात चित्रकला शिकून ती सत्तरच्या दशकात लखनौला वनस्पती-संशोधनाच्या एका संस्थेत चित्रकार म्हणून लागली. पानांच्या शिरा, फुलांतले केसर ती इतके बारीक काढायची की बघणाऱ्याला भिंग घ्यावंसं वाटे. मी निघालो त्याआधीच्या पावसाळ्यात सायकलरिक्षा उलटली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात थरथरायला लागला. संस्थेने तिला ग्रंथालयात बसवलं. परमुलखात एकटीने राहून आता करायचं काय, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

झाशीला गाडी बदलून चारबाग स्टेशनवर उतरलो. फाल्गुनातलं कोवळं ऊन होतं. मी स्टेशनचे घुमट बघत उभा होतो, एवढ्यात मागून आवाज आला, "दादा, चल यार, भूक लागलीय."

थोरल्या भावाला 'यार'! पण तिचं हसणं जुनंच होतं. बाहेर हातगाडीवर तिने मला खस्ता (खुसखुशीत कचोरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी खायला घातली. स्वतः डाव्या हाताने खात होती. मी दुसरीकडे बघितलं.

रविवारी ती मला बसने मलिहाबादला घेऊन गेली. बरोबर तिचे मास्टरजी होते. चित्रशाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ अपघातानंतर तिला नव्याने शिकवत होते. आमराया बौराने (मोहोराने) नुसत्या लगडल्या होत्या. मी ऐटीत एका झाडाखाली बसलो आणि वरून गळणाऱ्या चिकट्याने माझा नवा शर्ट पार बरबटला. मास्टरजी खो-खो हसले. सुनंदाचं मात्र लक्षच नव्हतं. डाव्या हातात रुंद ब्रश धरून ती कागदावर नुसते ओले रंग पसरत होती. फूल नाही, पान नाही.

"हे काय काढतेस?" मी विचारलं.

"अजून माहीत नाही, दादा."

परतीच्या बसमध्ये मी आईचा निरोप सांगितला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "उद्या मास्टरजींकडे ये. मग बोल."

जुन्या लखनौच्या चौक भागातल्या गल्लीत मास्टरजींचं घर. अंगणात पाण्याने भरलेली मोठी परात. सुनंदाने कालचं चित्र आणलं आणि सरळ त्या पाण्यात बुडवलं!

"अगं, चित्र!" मी धावलो आणि परातीत हात घालून ते ओढणार, तोच मास्टरजींनी माझं मनगट धरलं. "रहने दीजिए, भाईसाहब. वॉश ऐसे ही बनता है." (राहू द्या. रंग देऊन पाण्यात धुवायचं हे वॉशचं चित्र असंच होतं.)

जादाचा रंग पाण्यात उतरला, उरलेला कागदात मुरला. ती पुन्हा रंग द्यायची, पुन्हा बुडवायची. दुपार कलली तेव्हा कागदावर धुक्यातून कालची आमराई वर येत होती. मोहोराचा एकही तुरा दिसत नव्हता, तरी सगळं झाड मोहोरलेलं होतं.

"कैसा है?" मी मास्टरजींना विचारलं.

"अभी कच्चा है. मगर इनका अपना है." (अजून कच्चं आहे, पण तिचं स्वतःचं आहे.)

सुनंदा ओल्या हातांनी माझ्यासमोर उभी राहिली. "दादा, आधी मी समोर दिसेल तसं उतरवत होते. चांगलं उतरवत होते. पण हे मला आत्ता कुठे सुचायला लागलंय. नको ना नेऊस."

मी संध्याकाळी जाऊन एकच तिकीट काढलं.

वर्ध्याच्या घरी दार उघडल्यावर आईने आधी माझ्या मागे पाहिलं. आतल्या खोलीत तिने पलंगावर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. मी तिला सगळं सांगितलं; थरथरणारा हात, डाव्या हातातला ब्रश, पाण्यातलं चित्र. आणायला गेलेला माणूस मोकळ्या हाताने परत येतो तेव्हा त्याला अपराधी वाटायला हवं. मला वाटत नव्हतं.

आई पलंगावरच्या चादरीची घडी करू लागली. मग म्हणाली, "तिकडे दिवाळीत थंडी किती असते रे? स्वेटर लागेल का मला?"