तो एक इंच अविनाशचा होता

अविनाशला जाऊन आज वर्ष झालं आणि मी अजून खोटं बोलतोय.

आज थांबवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्ही पंधरा-वीस जण टेबलावर लढाया खेळतो. इंचभर उंचीचे सैनिक, स्वतः रंगवलेले. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, सैन्य पुढे सरकवायचं. वर्षातून एकदा डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये टूर्नामेंट. दर वर्षी एक थीम.

साधारण दीड वर्षापूर्वीची थीम मराठे विरुद्ध निजाम. अविनाशनेच सुचवलेली.

अविनाश दिव्याला राहायचा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. मी घोडबंदर रोडला, चोविसाव्या मजल्यावर. माझे सैनिक बाहेरून कुरिअरने यायचे. तो साधे प्लास्टिकचे घ्यायचा आणि पुट्टी लावून एकेकाला पगडी बसवायचा.

त्याच्याकडे पाणी एक दिवसाआड. ब्रश धुवायला एक वाटी मिळायची, ती दोन दिवस पुरवायचा.

"म्हणून माझे मराठे जरा मळकट असतात रे," म्हणायचा. "मोहिमेवर कोण स्वच्छ असतो?"

शेवटच्या फेरीत तो आणि मी समोरासमोर आलो.

माझे वडील आलेले त्या दिवशी. अप्पा. निवृत्त हेडमास्तर, वय एक्याऐंशी. माझ्या या खेळाला ते 'तुझ्या बाहुल्या' म्हणतात. पहिल्यांदाच बघायला आलेले, टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलेले.

मी हरत होतो.

एकच चान्स होता. माझं घोडदळ त्याच्या तोफांवर घालायचं. घोडदळाची धाव बारा इंच. अविनाशने मोजलं. तेरा.

"एक इंच कमी पडतोय समीर."

मग तो पाण्याची बाटली घ्यायला वळला. मी फासे उचलायला वाकलो. माझ्या शर्टाची बाही लागली आणि घोडदळ पुढे सरकलं.

मी पाहिलं. सरकलेलं मला दिसलं.

मागे घ्यायला एक सेकंद लागला असता.

मी म्हटलं, "परत मोज. मघाशी तुझी टेप वाकडी होती."

वाद झाला. म्हणजे मी घातला. आवाज चढवला. रेफरी आला, टेप लावली. बरोबर बारा.

अविनाश टेबलाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"असेल," म्हणाला.

तोफा गेल्या. मॅच त्याच्या हातून गेली. ट्रॉफी मला मिळाली. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ती शोकेसमध्ये ठेवली, माझ्या दहावीच्या ढालीशेजारी.

त्यानंतर मी अविनाशला टाळायला लागलो. ग्रुपमध्ये सगळ्यांना वाटलं तो रुसलाय. तो मेसेज करायचा. "रविवारी येतोयस का?" मी लिहायचो, ऑफिसचं काम आहे.

काम नव्हतं.

पाच महिन्यांनी तो ऑफिसमध्येच गेला. हार्ट अटॅक. बावन्नचा होता.

मी स्मशानात गेलेलो. कुणाची चप्पल कुठे आहे ते बघत उभा होतो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. वर्षभर ऑफिसला जातोय, माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये बसतोय, जेवतोय. त्या टेबलावर मात्र परत उभा राहिलो नाही.

गेल्या रविवारी वैशालीवहिनींचा फोन आला. अविनाशची बायको. त्या दिव्याची खोली सोडून कल्याणला भावाकडे राहायला चालल्यात.

"भावजी, त्यांचे सैनिक कुणाला द्यायचे ते तुम्ही सांगा. मला त्यातलं काही कळत नाही."

गेलो. बुटांच्या खोक्यांमध्ये सगळे नीट कापसात ठेवलेले.

वहिनींनी चहा दिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, शेवटच्या मॅचला मी त्याच्याशी भांडलेलो."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "फोटो होते त्यांच्याकडे."

अविनाश प्रत्येक चालीच्या आधी आणि नंतर मोबाईलवर फोटो काढायचा. नंतर ग्रुपवर लढाईचा रिपोर्ट टाकायचा. त्या मॅचचा रिपोर्ट त्याने कधीच टाकला नाही. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"घरी येऊन दोन्ही फोटो मला दाखवले," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, बघ, घोडे सरकलेत. मी म्हटलं, मग सांगा ना सगळ्यांना. तर म्हणाले, नको. त्याचे वडील बसलेले समोर."

मी चहा संपवला. खोकी गाडीत ठेवली. काय वाटलं ते सांगता येत नाही. काही वाटलंच नाही बहुतेक. गाडी चालवत घरी आलो.

आज सकाळी अप्पांना सांगितलं. सगळं. बाहीचंसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"हे मला एकट्याला सांगून भागणार नाही. जिथे टाळ्या वाजल्या, तिथे सांगायला हवं."

म्हणून ही पोस्ट. त्या वर्षीची टूर्नामेंट अविनाशने जिंकली होती. ग्रुपमधल्या सगळ्यांनी कृपया तशी नोंद करा. मला काढायचं असेल तर काढा.

सकाळी अप्पांजवळून मी उठलो तेव्हा त्यांनी परत हाक मारली.

"समीर, त्या दिवशी जिन्यावरून मला हात धरून खाली रिक्षापर्यंत कुणी नेलं माहीत आहे? तू सगळ्यांबरोबर फोटो काढत होतास."

मला माहीत नव्हतं.

"तेच गृहस्थ. प्रत्येक पायरीला थांबत होते. मला म्हणाले, मुलगा छान खेळतो तुमचा."

अविनाश, माफ कर.

नीट जा, मित्रा.