कंपवाताचं औषध

दुष्काळात आमच्या प्रयोगशाळेला करमाडकडच्या विहिरीवरून एक टँकरवाला पाणी आणायचा. सहीसाठी पेन देताना, माझी बोटं त्यावर घट्ट आवळेपर्यंत तो ते सोडायचा नाही. मला ते विचित्र वाटायचं.

एकदा त्यानं विचारलं, "म्याडम, इथं काय बनवता?"

"कंपवातावर औषध शोधतोय. मेंदूच्या पेशींत काही प्रथिनं बिघडून त्यांचे गोळे होतात. त्यांना सावरणारी प्रथिनंही आपल्याच शरीरात असतात. ती जास्त तयार व्हावीत म्हणून त्यांची जनुकं जागी करायची."

तो म्हणाला, "आमच्या घरी मंडळीला त्येच हाय. पेला बी धरवत नाय तिला. कधी यील औषध?"

खोटं बोलवेना. "दहा-पंधरा वर्षं लागतील. कदाचित जमणारही नाही."

"म्हंजी तिला नाय," तो म्हणाला. "पर कुणाच्या तरी कामी यील. पाणी कमी पडू द्यायचो नाय मी."

त्या उन्हाळ्यात शहराच्या नव्या वसाहतींना टँकर पुरेनात, पण आमचा कधी चुकला नाही. मग पंधरा दिवस दुसराच माणूस आला. त्यानंतर हा परतला तो डोकं भादरलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "गेली ती. तुमचं कुठवर आलं?"

आमचं रसायन आदल्याच आठवड्यात उंदरांवरच्या चाचणीत फसलं होतं.

"चालू आहे," मी म्हणाले.

"लई बेस," म्हणत त्यानं पाइप टाकीत सोडला. खरं सांगायचा धीर मला त्या दिवशी झाला नाही, आणि नंतरही कधी झाला नाही.