दोन मिलीची सिस्टर

हातातली दुधाची सिरिंज ती स्वतःच्या कपाळावर दोनदा टेकवायची आणि म्हणायची, "पेट नहीं भैया, दिमाग़ भर रहे हैं." सिरिंजमध्ये दूध असायचं दोन मिली. एवढ्यात माशीसुद्धा बुडणार नाही.

झाशीतल्या एका इस्पितळात नवजात बाळांच्या कक्षाची ती मुख्य सिस्टर. मी रेल्वेतला इंजिनीअर. आमची मुलगी सातव्या महिन्यातच बाहेर आली आणि काचेच्या पेटीत, नळी लावून पडली. वजन वाचून सिस्टर म्हणाली, "इससे बड़ी लौकी तो बड़ा बाज़ार में मिलती है." मी भडकलो. मग बाकीच्या पेट्यांमधल्या बाळांना तिने ठेवलेली नावं कानावर आली: नेताजी, थानेदार, मैडम कलेक्टर. आमची झाली 'लौकी', म्हणजे दुधी भोपळा.

डॉक्टरांनी समजावलं की शेवटच्या महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो, आता ते काम दुधाला करायचंय. सिस्टरने तेच सोपं करून सांगितलं: "मताई के पेट का ठेका अब हमें मिला है." आईच्या पोटाचं कंत्राट आता तिच्याकडे.

पण दूधच येईना. तिसऱ्या दिवशी बायकोला रडू फुटलं.

"रोने से नाक बहती है बहू, दूध नहीं," असं म्हणत सिस्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. गरम फडक्याने शेकलं, हाताने दूध कसं काढायचं ते शिकवलं. तासाभराने वाटीत चमचाभर पिवळसर चीक जमला. सिस्टरने वाटी तिरकी करून शेवटचा थेंबही सिरिंजमध्ये ओढून घेतला.

झाशीतच खंडेराव गेटला राहणारी माझी आत्या चांदीच्या वाटीत मध घेऊन आली. "आमच्या घरात प्रत्येक मूल मध चाटूनच मोठं झालंय," ती ठणकावून म्हणाली. सिस्टरने वाटी घेतली, बोट बुडवलं आणि सगळा मध स्वतःच चाटून टाकला. "बढ़िया है माताजी. कच्ची आँत में यही ज़हर हो जाता." आत्या आठवडाभर आमच्याशी बोलली नाही.

मग माझी पाळी. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची होती. मी बटणांशी चाळा करत राहिलो. "उतारो भैया, हम यहाँ तुम्हें देखने नहीं बैठे." त्या खुर्चीवर मी रोज दुपारी केसाळ छातीवर लौकीला घेऊन बसायचो आणि येणारी-जाणारी प्रत्येक नर्स हसायची.

दहाव्या दिवशी पोरीचं पोट फुगलं. दूध बंद. त्या दिवशी सिस्टरने एकही टोमणा मारला नाही. ड्युटी संपली तरी पेटीशी उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट उतरलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. "चलो, दुकान खुल गई," ती म्हणाली आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना रडायलाही काहीतरी काम लागतं.

पोरगी घरी आली, वाढली, बोलू लागली, जरा जास्तच. सिस्टर निवृत्त होऊन झाशीजवळच्या मोठ गावी राहायला गेली होती. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा पेढे घेऊन आम्ही तिकडे गेलो. मुलीने तिला पाहताच जाहीर केलं, "आप बहुत मोटी हो." सिस्टर इतकी खूश झाली की पहिला पेढा तिच्याच तोंडात कोंबला.

तेवढ्यात आतून तिशी ओलांडलेला एक दांडगा माणूस आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तो मुलीशेजारी जमिनीवर बसला. ती त्याला बोटं मोजायला शिकवू लागली. तीनच्या पुढे गेला की तो हरवायचा आणि दोघं खदखदा हसायची.

"मेरा है," सिस्टर म्हणाली. "सतमासा. तब मैं नर्स नहीं थी. सास ने मेरा पहला दूध ज़मीन पर निचुड़वा दिया, इसे शक्कर का पानी पिलाया. मैं देखती रही." पेढ्यांचा पुडा बांधत म्हणाली, "उसी से हुआ कि नहीं, कोई डॉक्टर नहीं बताता."

बायकोने तिचा हात धरला.

आम्ही निघालो तेव्हा ती दारात त्याच्या शर्टाची बटणं सोडवून नीट लावत होती. त्याला मात्र धीर नव्हता. आईच्या खांद्यावरून दोन्ही हात उंच करून तो आमच्या मुलीला टाटा करत होता.