एकावर एक फ्री

चूक माझी होती. हे आधीच सांगतो, कारण गावात अजूनही लोक म्हणतात की ते संजूभाऊ बोलले. संजूभाऊ नंतर बोलले. आधी मी बोललो. माईक माझ्या हातात होता.

शाळेचं पटांगण. लग्नात घालतात तसा मांडव आणि स्टेज. समोर पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांवर संघमालक. त्यांच्या मागे सतरंज्यांवर गाव. आमच्याकडे आता गावच्या क्रिकेटलाही लिलाव असतो. टीव्हीवर पाहिला आणि आणला. ज्याची काळीची जमीन मोठी किंवा ज्याचं दर्यापूरला दुकान, तो मालक. पैशांऐवजी प्रत्येक मालकाला पॉइंट दिलेले असतात. नाव पुकारलं की खेळाडूनं स्टेजवर येऊन उभं राहायचं. खुर्च्यांवरून बोली लागते. बोली थांबली की मी टेबलावर लाकडी हातोडी मारायची आणि म्हणायचं, सोल्ड.

हे काम मी दरवर्षी करत होतो. मी अकोल्याला एका खाजगी शाळेत मराठी शिकवतो. शनिवार-रविवारी गावी येतो. सामन्यांची कॉमेंट्री मीच करायचो, लिलावही मीच बोलायचो. मला स्टेजवर खुर्ची असायची. तिलाही पांढरं कव्हर असायचं. आमच्या बौद्धपुऱ्यातला दुसरा कोणी त्या कव्हराच्या खुर्चीवर बसलेला मी पाहिला नव्हता. मला त्याचा अभिमान होता. आता लिहिताना लाज वाटते, पण अभिमान होता.

त्या दिवशी स्टेजवर गुणवंत उभा होता.

गुणवंत माझ्याच वयाचा, माझ्याच पुऱ्यातला. आमची घरं एका भिंतीची. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. डाव्या हातानं संथ गोलंदाजी करतो. आमच्या गावाचा क्लब होता तेव्हा आम्ही दोघं टेम्पोच्या मागे उभे राहून मूर्तिजापूरपर्यंत सामने खेळायला जायचो. मग लीग आली, मालक आले, बाहेरची पोरं आली. गुणवंत घरी बसला. त्याला पुन्हा खेळायचं होतं. एक सीझन. एवढंच. तो स्वतः नाव देणार नव्हता. मी दिलं.

"टाक न बे नाव," मी म्हणालो होतो.

"या वयात? लोकं हासतीन."

"कोन हासते? माईकवर मी हावो न."

"तू हाय म्हनूनच म्हनतो," तो म्हणाला आणि हसला. मग म्हणाला, "टाक."

तो स्टेजवर आला तेव्हा त्यानं इस्त्रीचा शर्ट पॅंटमध्ये खोचलेला होता. केस ओले करून विंचरलेले. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मी नाव घेतलं. डावखुरा गोलंदाज, आपल्या जुन्या क्लबचा खंदा खेळाडू, असं सगळं बोललो. बोली सुरू केली. कोणी हात वर केला नाही. मी पुन्हा बोललो. खुर्च्यांवरचे लोक मोबाईल पाहत होते. एकाला जांभई आली.

अशा वेळी 'अनसोल्ड' म्हणायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. इतकं सोपं होतं. पण माईकवर शांतता पडली की मला घाबरायला होतं. शांतता पडली की बोलणारा हरला, असं मी मानायचो. ती भरायला मी जे तोंडात आलं ते बोललो.

"संजूभाऊ, अचलपूरचा इरफान आत्ता तुमीच नेला न? त्याच्यासंग हे बी नेऊन टाका. एकावर एक फ्री."

गाव हसलं. सतरंज्या हसल्या, खुर्च्या हसल्या.

संजूभाऊ म्हणजे आमच्या जुन्या पाटलांचा मुलगा. ते उठले नाहीत. खुर्चीतूनच म्हणाले, "चालते. खेळवनार नाई पन. रोलर ओढाले एक मानूस लागतेच."

गाव पुन्हा हसलं. आणि मी हातोडी मारली.

"सोल्ड."

गुणवंतनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. राग असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे नीट पाहत होता, अनोळखी माणसाकडे पाहावं तसा. मग खाली उतरला. चपला शोधल्या, घातल्या, गेला. त्याची पोरगी अमरावतीला नर्सिंग शिकते. ती पुढच्या सतरंजीवर बापाचं शूटिंग करत बसली होती. तिनं मोबाईल खाली घेतला आणि बापाच्या मागे गेली.

मी पुढचं नाव पुकारलं.

लिलावानंतर रोडगे होते, वरण आणि वांग्याची भाजी. मी मालकांच्या पंगतीत बसलो. भाजी परत मागून घेतली. हे मला लिहायचं नव्हतं. पण मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी काढलेली त्या बोलीची क्लिप गावच्या ग्रुपवर आली. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी अकोल्याला माझ्या खोलीत बसून ती पाहिली. पुन्हा पाहिली. गावाचं हसणं फुटायच्या आधी एक हसू ऐकू येतं. स्पीकरमधून येतं, म्हणून ते सगळ्यात मोठं आहे. ते माझं आहे. स्वतःच्या वाक्यावर गावाच्या आधी मी हसलो होतो. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. हात बधिर झाल्यावर चिमटा काढून पाहावा, तसं मी ते पुन्हा पुन्हा लावत होतो.

मग एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी बॅट संजूची होती. गावात एकच होती. बॅट ज्याची, त्याची पहिली बॅटिंग. तुराट्यांचे स्टंप रोवलेले. गुणवंतनं त्याचा दांडा उडवला. मी अंपायर होतो. संजूनं बॅट काखेत घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. घरी निघायच्या तयारीत. मी म्हणालो, "ट्राय बॉल होता." आमच्यात पहिला चेंडू ट्रायचा असायचा, त्यावर आऊट नसतं. गुणवंत म्हणाला, "ट्राय त झाला होता." मी म्हणालो, "नोता झाला." संजू पुन्हा उभा राहिला. सगळ्यांना खेळायला मिळालं. मला वाटलं, मी खेळ वाचवला. त्या दिवसापासून मी असाच खेळ वाचवत आलो होतो, आणि दर वेळी आऊट गुणवंत होत होता. हे मला इतक्या वर्षांनी, त्या खोलीत, मोबाईल हातात असताना कळलं.

कळलं, तरी पुढच्या रविवारी मी माईकवर गेलोच.

पहिला सामना संजूभाऊंच्या संघाचा होता. गावाबाहेर हरभरा काढलेलं शेत. काळ्या मातीला भेगा पडतात, म्हणून मधोमध मुरूम टाकून पट्टी केलेली. मी पोचलो तेव्हा गुणवंत रोलर ओढत होता. एकटा. संघाचा टी-शर्ट घालून. पाठीवर संजूभाऊंचा फोटो. तो दांड्याला छाती लावून पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होता, आणि फोटोतले संजूभाऊ हसत होते. आमच्या पुऱ्यातली दोन पोरं त्याच संघात होती. ती वॉर्मअप करत होती. गुणवंतकडे बघायचं टाळत होती.

मी संजूभाऊंकडे गेलो. ते मांडवात चहा पीत होते.

"भाऊ, गुणवंतले एखाद-दोन ओव्हर देता काय? टाकते तो चांगला."

"कोनाले?"

"गुणवंतले."

त्यांनी कप खाली ठेवला. चिडले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "मास्तर, तू त माईक आहे लेका. माईक बोलते. विचारत नाई."

बाजूचे दोघं हसले. हसणं वाईट नव्हतं, मोकळं होतं. घरच्या माणसाला हसावं तसं. मीसुद्धा हसलो. सवयीनं. मग सीमेजवळच्या छोट्या स्टेजवर माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि कॉमेंट्री सुरू केली. इरफाननं सिक्स मारला, मी ओरडलो. कोणी झेल सोडला, मी चिमटा काढला. आतून मी कुठेच नव्हतो. तोंड चालू होतं. माईक बोलत होता.

पहिला डाव संपला. गुणवंत रोलर घेऊन पुन्हा पट्टीवर आला. मांडवातून एक पोरगा निरोप घेऊन आला. "सर, भाऊ म्हनते, रोलरवाल्यावर काईतरी बोला. पब्लिक झोपून राह्यली."

मी पट्टीकडे पाहिलं. पब्लिककडे पाहिलं. मग माईकचं बटण खाली केलं आणि तो टेबलावर ठेवला.

कोणाला काही कळलं नाही. "लाईन गेली काय बे?" कोणीतरी ओरडलं. साउंडवाला पळत आला, वायरी हलवून पाहू लागला. "सर, लाईन त चालू हाय," तो म्हणाला. मी म्हणालो, "हाय. मी बंद हावो." त्याला वाटलं गंमत करतोय.

मी खाली उतरलो. गुणवंत पट्टी करून रोलर बाहेर घेऊन आला होता. दांड्यावर बसून पाणी पीत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"गुणवंत, माह्यं चुकलं. माफ कर."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं.

"कुठी बोल्ला होता तू?"

"माईकवर."

"कोन कोन होतं?"

"सारं गाव."

"आन् माफी माह्या कानात मांगून राह्यला."

तो पट्टीकडे बघत बोलत होता, माझ्याकडे नाही.

"रोलरचं मी पाईन. मी आज आलो नसतो त पुढच्या साली आपल्या पुऱ्यातल्या पोरायले कोनी घेतलं नसतं. ते माह्यं मी पाईन. पन हासू तू आनलं होतं. ते तू घेऊन जा."

तो उठला आणि रोलर ओढत झाडाखाली गेला.

मी परत स्टेजकडे आलो. माईक दुसऱ्याच्या हातात होता. मी मागितला. त्यानं मांडवाकडे पाहिलं. संजूभाऊंनी हातानंच नाही म्हटलं. "आराम कर मास्तर. घसा बसला तुहा."

घसा बसला नव्हता. मी सीमारेषेवरून चालायला लागलो.

पहिल्यांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी थांबलो. वर पोरं बसली होती. मी म्हणालो, "आयका. लिलावात गुणवंतले 'एकावर एक फ्री' मी म्हनलं. भाऊच्या आंधी मी. आन् आंधी हासलो बी मीच. ते चूक होतं. मी त्याची माफी मांगतो."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एक म्हणाला, "सर, बाजूले व्हा न, मॅच दिसून नाई राह्यली."

मी पुढे गेलो. निंबाखाली बाया बसल्या होत्या. तिथं तेच बोललो. गुणवंतची पोरगी त्यांच्यात होती. तिनं मान वर केली नाही. एक म्हातारी म्हणाली, "मंग हासला कायले होता बापा?" चहाच्या ठेल्यापाशी बोललो. "मास्तर सक्काळी सक्काळी घेतली वाटते," कोणीतरी म्हणालं, आणि हसणं झालं. या वेळी मी हसलो नाही. आमच्या पुऱ्यातले लोक मोटरसायकलींवर बसले होते, तिथं बोललो. तिथं कोणी हसलं नाही. एकानं फक्त गाडीवरून पाय खाली घेतला.

स्पीकर नव्हता. आवाज दहा-पंधरा माणसांच्या पलीकडे जात नव्हता. म्हणून दर घोळक्यापाशी थांबावं लागत होतं. दर वेळी वाक्य आखूड होत गेलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. बरं वाटेल असं वाटलं होतं, तेही नाही. फक्त पुढचा घोळका दिसत होता.

शेवटी मांडव राहिला. मी पांढऱ्या खुर्च्यांसमोर जाऊन उभा राहिलो. मागे सामना चालू होता.

"झालं काय तुह्यं?" संजूभाऊंनी विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "तुमी रायले होते. मी गुणवंतची माफी मांगतो. तुमच्यासमोर मांगतो, कारन तुमाले हासवाले बोल्लो होतो. याच्यापुढं मानसाची बोली माह्या तोंडून निंगनार नाई. आन् पुढच्या साली कोनाले स्टेजवर उभं करून इकसान, त मी खुर्चीवर नसन. त्याच्यापुढं आडवा उभा राईन."