सिस्टरनी कबूल केलेली खोली

निर्मला सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरव्यात एका भाडेकरूशी नळावरून भांडत होतो. फोन उत्रोलीहून, त्यांच्या पुतण्याचा. "काका, आत्या सकाळी गेल्या," एवढंच तो म्हणाला. भांडण तिथंच टाकून मी गाडी काढली. कापूरहोळच्या पुढे भोर रस्त्याला लागलो आणि मग मात्र डोळ्यांपुढचं दिसेना, गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं...

मी बत्तीस खोल्यांचा मॅनेजर. मालक पुण्याला असतात, भाडेकरू आसपासच्या कारखान्यांत कामाला. सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स. आमची गाठ पडली ती कैलासमुळे. हा कैलास लेथवर काम करायचा. एकाएकी त्यानं कामावर जाणं सोडलं, दिवसभर दार लावून आत. शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, म्हणून त्याची रोज कटकट. मी त्याला खोली खाली करायला सांगितली. दुसऱ्याच दिवशी, त्याला औषध पोचवायला येणाऱ्या सिस्टर हजर. पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी, आणि मी बसा म्हणायच्या आत खुर्चीत बसलेल्या. म्हणाल्या, "मॅनेजर, खोली सुटली की औषध सुटतंय. औषध परत चालू करता येतं. खोली त्याला परत कोन देनार?" मला राग आला. दवाखान्यातलं दवाखान्यात ठेवा, असं काहीतरी मी बोललोही. पण महिनाभर थांबलो. कैलास अजून सात नंबरलाच राहतो.

पुढं दर रविवारी दुपारी माझ्या ऑफिसात आम्ही पाच-सहा जण जमू लागलो, नसरापूरपर्यंतचे सगळे खोल्या सांभाळणारे, आणि सिस्टर आम्हाला शिकवायच्या. दार वाजवल्यावर आधी आपलं नाव सांगायचं. दोन पावलं मागं सरून उभं राहायचं. गॅलरीत चारचौघांसमोर विचारपूस करायची नाही. दार उघडलं नाही तर परत कधी येणार ते सांगून जायचं, आणि त्या वेळेला खरंच जायचं. माझं दार वाजवणं एकदा त्यांनी ऐकलं. "जप्ती आल्यागत वाजवताय," म्हणाल्या, "आतला मानूस बरा असला तरी आजारी पडंल." सगळे हसले. मीही हसलो, पण तेव्हापासून नुसत्या बोटांनी वाजवतो.

एवढं शिकूनही मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. मंगल वेल्ह्याकडची, पॅकिंगच्या कामाला होती, अकरा नंबरमध्ये एकटी राहायची. ती जेवेनाशी झाली, अंघोळ सोडली, उंबऱ्यात बसून राहायला लागली. सिस्टर त्या आठवड्यात परगावी लग्नाला गेलेल्या. आमच्या धंद्यात एकच रीत, भाडेकरूचं काही बिघडलं की घरच्यांना बोलवायचं आणि त्यांच्या हवाली करायचं. भाडेकराराच्या कागदांत तिच्या नवऱ्याचा नंबर सापडला. मी लावला. तो टेम्पो घेऊन आला, तिला आणि तिच्या भांड्यांना घेऊन गेला. मी त्याला चहासुद्धा पाजला. त्याच्याच माराला कंटाळून ती वरव्यात आली होती, हे मला सिस्टरनी परतल्यावर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "तिला इचारलं व्हतं का, कुनाला बोलवू म्हनून?" एवढंच म्हणाल्या. नव्हतं विचारलं. आता नवा भाडेकरू आला की तो हसता-बोलता असतानाच आम्ही लिहून घेतो, तुम्हाला बरं नसलं तर कोणाला कळवायचं, आणि कोणाला अजिबात कळवायचं नाही.

"अकरा नंबर राखून ठेवा, मी तिला शोधते," सिस्टर म्हणाल्या होत्या. मी हो म्हणालो, दोन महिने ठेवली. मग मालकांचे फोन सुरू झाले आणि मी ती दुसऱ्याला देऊन टाकली. सिस्टरना सांगितलं नाही. त्यांनी पुढं कधी विचारलं नाही, आणि मीही विषय टाळत राहिलो.

दशक्रियेच्या दिवशी पुतण्यानं औषधांची एक पिशवी माझ्या हातात ठेवली. वर मंगलचं नाव आणि वेल्ह्याकडच्या एका वाडीचा पत्ता. "आत्या दर महिन्याला जायच्या, तुमाला म्हाईत न्हाई?" मला काहीच माहीत नव्हतं. पुतण्याच सांगत गेला. नवऱ्यानं मंगलला चार महिन्यांत माहेरी आणून टाकलं होतं. सिस्टर गुडघे दुखत असताना नसरापूरला एसटी बदलून तिच्याकडे जायच्या, तिला डॉक्टरांकडे न्यायच्या, औषध पोचवायच्या. जी चूक माझी, ती निस्तरायला मला बरोबर चला असंही कधी म्हणाल्या नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात मी वाडीवर गेलो. अंगणात थांबून नाव सांगितलं. मंगल बाहेर आली. केस विंचरलेले, तब्येत सुधारलेली. मला बघून तिनं दाराची चौकट धरली, आणि मग माझ्या मागं रस्त्याकडे बघत राहिली.

"बाई न्हाई आल्या?"

मी सांगितलं. ती होती तिथंच खाली बसली. आतून भावजयीनं भांडं आपटल्याचा आवाज आला. मंगल हळू आवाजात म्हणाली, "मागच्या खेपंला म्हनल्या, अकरा नंबर तुजीच हाय, मॅनेजरनी राखून ठिवलीया. म्या कापडं बांधून ठिवली व्हती."

म्हणजे सिस्टर शेवटपर्यंत माझ्या शब्दावर विसंबून होत्या.

"अकरा नंबर दिली मी दुसऱ्याला," मी म्हणालो. "माझं चुकलं. पण खोली आहे. पंधरा दिवस द्या." खोली एकही रिकामी नव्हती, हे बोलून गेल्यावर आठवलं.

आता माझं टेबल जिन्याखाली आलंय. ऑफिसचीच खोली मंगलला देतोय म्हणून मालकांना सांगितलं, ते कुरकुरले, मग तयार झाले. ऑफिसला, सिस्टर बसायच्या त्या भिंतीलासुद्धा, चुना लावून झाला. काल सुतार आला होता. ऑफिसच्या दाराला बाहेरून कुलपाची सोय होती, आतून कडी कधी नव्हतीच. ती त्यानं बसवून दिली. तो गेल्यावर नीट लागते का बघायला मी आत जाऊन कडी लावली... आणि बराच वेळ उघडली नाही.