मारीअक्काचं मोले

मारीअक्का मिरच्या भाजायला बसली की चेन्नईत एग्मोरच्या आमच्या अख्ख्या मजल्याला ठसका लागायचा. शेजारीण खोकत दार लावून घ्यायची आणि ही बया आमच्या खिडक्या सताड उघडायची. "वास अडवायचा नाही गं," म्हणायची, "मेलेली माणसं वासावरच येतात."

मारीअक्का म्हणजे मारिसोल, माझी मोठी जाऊ, मेक्सिकोची. दीर बोटीवर होते, तिकडूनच लग्न करून आले. मराठी ती सासूबाईंकडून शिकली, म्हणजे आमच्या घरची तंजावरी, निम्मी तमिळ. मी पुण्याची, तर मलाच सुनवायची, "तू बातम्या दिल्यागत बोलतेस."

तिचा रघू कॉलेजात असताना कोवलमच्या समुद्रात बुडाला. तेव्हापासून दर नोव्हेंबरात ती तिच्या देशाच्या रीतीनं त्याचा फोटो मांडायची, झेंडू पसरायची आणि त्याच्या आवडीचं रांधायची. केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तामाले, आणि मोले. मोले म्हणजे मिरच्या, तीळ, शेंगदाणे, दालचिनी, जरासं चॉकलेट असं वाटून दिवसभर शिजवलेला दाट रस्सा. तो घडीघडी चाखावा लागतो. आमच्यात पितरांचं अन्न आधी जिभेला लावलं की उष्टं झालं. सासूबाई त्या दिवशी स्वयंपाकघराकडे फिरकत नसत. रघूचं तर त्या नावच घेत नसत.

मग अक्काला कॅन्सर झाला. औषधांनी तिची चव गेली, वासही गेला. स्वतःच्या मरणाचं तिला काही नव्हतं. "चव चुकली तर पोरगा दारातून परत जाईल," एवढाच घोर.

त्या नोव्हेंबरात ती स्टुलावर बसून ढवळत होती. चमचा मी पुढे केला तर म्हणाली, "तू नको. तू मला सगळंच छान म्हणतेस." आणि तिनं हाक मारली, "अम्मा, तुम्ही चाखा."

सासूबाई आल्या, हात धुतले. रश्श्यात कोंबडी अजून पडली नव्हती, नाहीतर त्यांना शिवताही आलं नसतं. तळहातावर थेंब घेऊन चाटला आणि म्हणाल्या, "जळकट लागतंय. ओतून टाक."

मला म्हातारीचा असा संताप आला. पण अक्का हसली. कित्येक महिन्यांनी हसली. दुसरं वाटण सासूबाईंनीच वाटलं. संध्याकाळी, कोंबडी टाकायच्या आधी, पुन्हा चाखून त्या म्हणाल्या, "सरि, जमलं. आता येईल रघू." एवढं बोलल्या आणि तोंडाला पदर लावून तिथेच खाली बसल्या.

थोड्या वेळानं अक्कानं विचारलं, "अम्मा, माझं कोण करणार?"

"मला शिकव," सासूबाई म्हणाल्या.

शिकायला वेळ मिळालाच नाही. पोंगलच्या आधी अक्का गेली.

यंदा नोव्हेंबरात सासूबाई सकाळपासून चुलीशी होत्या. झालं ते मोले कसलं, तिखट आमटीच. मी भीत भीत म्हटलं, "पुन्हा करूया का?"

"नको," त्या म्हणाल्या, "माझ्या हातचं ती ओळखते." आणि रघूशेजारी मांडलेल्या अक्काच्या फोटोपुढे पान वाढून भिंतीला टेकून बसल्या.