जिजाताईंना काय हवं होतं

प्रितम नेमकं काय काम करतो, हे त्याच्या आईला, वैजयंताबाईंना, अजून कळलेलं नाही. "बिझनेस ॲनालिस्ट गं," तो सांगतो. "लोकांना काय हवंय ते विचारायचं आणि प्रोग्रामरना समजेल असं लिहून द्यायचं." "ह्याचा पगार देतात?" म्हणून ती हसते. देतात बाई! आणि हा विचारण्यात असा वस्ताद, की समोरचा कधी बोलायला लागला कळतही नाही.

काशिमिऱ्याच्या एका लॅबमध्ये जिजाताई फोनवर रक्ततपासणीच्या वेळा द्यायच्या. काशीगावच्या, नवरा गेलेला, सगळं घर त्यांच्या पगारावर. लॅबला ॲप हवं होतं, म्हणून प्रितम त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून काम समजून घ्यायला बसला. ताईंनी सगळं सांगितलंच, वर तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ घातली.

प्रितमची टीम दर पंधरवड्याला जे तयार होईल ते लॅबमध्ये येऊन दाखवायची. रक्त घ्यायला कुणाच्या घरी कोण जाणार, ते आता ॲपच ठरवणार. ताईंच्या टाळ्या. पेशंटला आठवण आपोआप जाणार. पुन्हा टाळ्या. कामाचा ताप कमी होतोय म्हणून कोण आनंद त्या बाईला!

हे सगळं मिळून काय होणार, ते प्रितमला दिसत होतं. लॅबच्या मॅनेजरनं तर बाजूला घेऊन सांगितलंच, "ताईंचं फोनचं टेबल बंद करतोय. आत्ता बोलू नकोस."

त्याच आठवड्यात ताई म्हणाल्या, "शांती नगरला दाताच्या डॉक्टरकडं जागा हाय. बोलवलाय मना. जाऊ का रं?"

खरं सांगायला काय झालं होतं मेल्याला! पण ॲप तपासून द्यायला ताईच हव्या होत्या. त्या गेल्या असत्या तर काम लटकलं असतं.

"कशाला जाता ताई? तुमच्याशिवाय इथलं पान तरी हलतं का?"

ताई खूश झाल्या. डॉक्टरला त्यांनी 'येत नाही' म्हणून कळवलं.

ॲप सुरू झालं, टेबल बंद झालं, ताईंची नोकरी गेली. दाताच्या डॉक्टरकडे तोवर दुसरी मुलगी लागली होती. ऑफिसात प्रितमचं कौतुक झालं, पण त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो ताईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुला ठाव व्हता?"

"हो ताई."



"दुसऱ्या कुनाला न्हाय इचारला मी," त्या म्हणाल्या. "तुलाच इचारला."

आणि आत गेल्या. प्रितम बराच वेळ तिथंच उभा होता. त्या काही पुन्हा बाहेर आल्या नाहीत.